अमेरिकेतल्या दुपारच्या मालिका: चाहत्यांना चेहरे एवढे पक्के का आठवतात?

२ एप्रिल १९५६ च्या दुपारी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' ही मालिका सुरू झाली. तिचं पहिलं वाक्य होतं, 'गुड मॉर्निंग, डिअर.' ते बोलली नॅन्सी ह्यूज ही गृहिणी आणि ती भूमिका केली होती हेलन वॅगनर यांनी. मे २०१० मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत मधले काही खंड सोडले तर नॅन्सी त्याच होत्या. एकाच कलाकाराने एकच भूमिका सर्वाधिक काळ केल्याचा विक्रम त्यांच्या नावावर नोंदला गेला. त्यांच्यानंतर चार महिन्यांनी, १७ सप्टेंबर २०१० ला, मालिकाही संपली. तिचे शेवटचे शब्द होते, 'गुड नाइट.' ते म्हणणारे डॉन हेस्टिंग्ज १९६० पासून डॉक्टर बॉब ह्यूजची भूमिका करत होते.

या मालिकांचे जुने चाहते आठवणी काढायला बसले की बाहेरच्या माणसाला एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. कथानकाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. बोलतात ते माणसांबद्दल. अमुक भूमिका आधी कोणी केली, मग कोण आलं, कोण मध्येच सोडून गेलं, कोण परत आलं, खरी कोण वाटली. चाळीस वर्षांपूर्वी दुपारी दोन वाजता पाहिलेला चेहरा त्यांना नावासकट आठवतो. या आठवणीमागे भाबडं प्रेम आहे हे खरंच, पण मला त्यामागचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. या मालिका ज्या पद्धतीने बनायच्या आणि दाखवल्या जायच्या, त्यात टिकून राहील असं चेहऱ्यांशिवाय फारसं काही नव्हतंच.

सुरुवात रेडिओपासून करावी लागते. १९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावर इर्ना फिलिप्स नावाच्या बाईंनी 'पेंटेड ड्रीम्स' ही रोजची श्रुतिका सुरू केली. पूर्वी शिक्षिका असलेल्या या बाईंनी पुढे अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांचा सगळा पाया घातला. दुपारच्या वेळी घरात बहुतेक करून बायका असत आणि साबण, धुण्याची पावडर, तेल-तूप यांची खरेदी त्यांच्याच हातात असे. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबण बनवणाऱ्या कंपन्यांनी हे ओळखलं. त्या नुसत्या जाहिरात देऊन थांबल्या नाहीत, मालिकाच काढू लागल्या. लेखकाला, नटांना पैसे कंपनीकडून, आणि केंद्राकडून फक्त वेळ विकत घ्यायची. 'सोप ऑपेरा' हे नाव यातूनच पडलं. फिलिप्स यांची 'गायडिंग लाइट' २५ जानेवारी १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ पर्यंत चालली. रेडिओ धरून बहात्तर वर्षं.

आपल्याकडे 'मालिका किती लांबवली' अशी तक्रार होते, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण अमेरिकेतली ही मालिका लांबवलेली नव्हतीच, ती मुळातच शेवट न ठरवता लिहिलेली होती. आठवड्यातून पाच दिवस, वर्षाचे बाराही महिने. रात्रीच्या मालिकांना असतो तसा 'सीझन' नाही, उन्हाळ्याची सुट्टी नाही. सुरुवातीला भाग पंधरा मिनिटांचा असे. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' आणि तिच्याच दिवशी सुरू झालेली 'द एज ऑफ नाइट' यांनी तो अर्ध्या तासाचा केला आणि १९७० च्या दशकात बऱ्याच मालिका तासाभराच्या झाल्या. १ एप्रिल १९६३ ला सुरू झालेल्या 'जनरल हॉस्पिटल'ने २०२२ मध्ये पंधरा हजार भाग पूर्ण केले.

इतकी गोष्ट आणायची कुठून? फिलिप्स यांचं उत्तर होतं की गोष्ट हळू चालली तरी चालेल, माणसं मात्र ओळखीची हवीत. ऐकणारी बाई त्या वेळी इस्त्री करत असायची, भाजी चिरत असायची. तिचं अर्धं लक्ष कामात, त्यामुळे कालचं आज पुन्हा कोणाच्या तरी तोंडून सांगावंच लागे. दोन दिवस चुकले तरी धागा सुटता कामा नये. म्हणून घटना एक आणि तिच्यावर बोलणारी माणसं दहा. नवऱ्याचं लफडं कळायला पाच मिनिटं पुरतात, पण ते आईला कसं सांगायचं, सासूला कधी कळणार, मुलीला कळलं तर काय, यात तीन महिने जातात. परक्या माणसाला हा संथपणा कंटाळवाणा वाटतो. पण रोज पाहणाऱ्याला त्यातून पात्रांचे स्वभाव कळत जातात. कोण कोणासमोर गप्प बसतं, कोणाला काय लागतं, हे सगळं वाड्यातल्या समोरच्या बिऱ्हाडासारखं माहीत होतं.

जागाही त्याच हिशेबाने निवडलेल्या असत. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, रुग्णालयातला नर्सेसचा टेबल, गावातलं एखादं हॉटेल. सेट मोजकेच ठेवता येतात आणि तिथे कोणीही, कधीही आत येऊ शकतं. रुग्णालय तर मालिकावाल्यांच्या फारच सोयीचं. जन्म, मृत्यू, अपघात, स्मृतिभ्रंश, गुप्त अहवाल, सगळं एका छताखाली. कॅमेरा चेहऱ्याजवळ असे, कारण पडदा लहान होता आणि मागचा सेट फार दाखवण्यासारखा नसे. प्रसंग संपताना नट काही क्षण तसाच नजर रोखून थांबतो, ती पद्धत इथलीच. शुक्रवारी मात्र काहीतरी मोठं घडायलाच हवं, नाहीतर सोमवारी प्रेक्षक परत येईल याची खात्री काय?

लेखनाचं काम पायऱ्यांनी चालतं. मुख्य लेखक पुढच्या काही महिन्यांची कथा ठरवतो. दुसरी फळी तिचे रोजचे आराखडे करते: आज कोणते प्रसंग, त्यात कोण, जाहिरातीआधी काय. तिसरी फळी त्या आराखड्यावर संवाद लिहिते. तासाभराचा भाग साधारण एका दिवसात चित्रित व्हायचा. एखाद्या नटाकडे त्या दिवशी वीस-तीस पानांचे संवाद असणं नवलाचं नव्हतं, आणि उद्या पुन्हा तितकेच. तीन कॅमेरे एकाच वेळी चालत. चूक फार मोठी नसेल तर तोच टेक राहू देत. जूलियन मूर यांनी 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'मध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन बहिणी रंगवल्या आणि १९८८ मध्ये त्यासाठी दुपारच्या कार्यक्रमांचा एमी पुरस्कार मिळवला. मेग रायन, मारिसा टोमे, टॉमी ली जोन्स, केविन बेकन, डेमी मूर हे सगळे याच शाळेतून गेले. 'दुपारचा नट' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी असं एक दिवसाचं काम करून बघायला हवं होतं. मूर एप्रिल २०१० मध्ये, मालिका संपण्याआधी, आपल्या जुन्या भूमिकेत थोड्या वेळासाठी परत आल्या. चाहत्यांनी ते लक्षात ठेवलं आहे, आणि ठेवायलाच हवं.

सुरुवातीची दोन दशकं तर बऱ्याच मालिका थेट प्रक्षेपित होत. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' १९७५ पर्यंत थेटच होती. २२ नोव्हेंबर १९६३ ला तिचा भाग चालू असताना मध्येच पडद्यावर बातमीची पाटी आली आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या आवाजात राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळीबार झाल्याचं देशाने ऐकलं. त्या वेळी पडद्यावर हेलन वॅगनर यांचा प्रसंग चालू होता. स्टुडिओतल्या कलाकारांना बाहेर काय झालं याचा पत्ताही नव्हता. प्रक्षेपण थेट असल्याने ते काम करत राहिले.

आता मूळ मुद्दा. हे भाग दाखवून झाले की पुन्हा दाखवले जात नसत. आणि अनेक मालिकांच्या बाबतीत ते जपलेही गेले नाहीत. त्या काळची रुंद व्हिडिओ टेप महाग होती. एकदा वापरलेली टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेता येत असे, मग साबणाच्या जाहिरातीसाठी बनवलेली दुपारची मालिका ठेवून कोणाला काय मिळणार, असा हिशेब होता. थेट प्रक्षेपणाच्या काळातलं जे काही उरलं आहे ते बहुतेक पडद्यावरचं चित्र फिल्मवर टिपून केलेल्या प्रतींमुळे. लेखिका ॲग्नेस निक्सन यांच्या 'ऑल माय चिल्ड्रन'चे १९७० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातले बहुतेक भाग असेच गेले. याला ठळक अपवाद 'डार्क शॅडोज'चा. १९६६ ते १९७१ चाललेल्या, बार्नबस कॉलिन्स नावाचा रक्तपिपासू असलेल्या या मालिकेचे १,२२५ भाग होते आणि त्यातला फक्त एक हरवला आहे. म्हणूनच तिचे चाहते आज प्रसंगावर प्रसंग सांगू शकतात. जॉनथन फ्रिड यांनी रंगवलेला बार्नबस पाहायला शाळेतून धावत घरी येणारी मुलं आज सत्तरीत आहेत आणि ती मालिका पुन्हा पाहू शकतात. इतरांच्या नशिबात तेही नाही.

तेव्हा चाहत्यांच्या आठवणी म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. काही मालिकांच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांचं दुसरं दफ्तरच शिल्लक नाही. कोणत्या साली कोणी कोणाशी लग्न केलं, ते पात्र तेव्हा कोण करत होतं, हे आता कधी जुन्या नियतकालिकांतून तर कधी लोकांच्या डोक्यातूनच मिळतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी घरोघरी व्हीसीआर येऊ लागले आणि प्रेक्षक स्वतःच टेप करू लागले. नोकरीला जाणाऱ्या बायका दुपारचा भाग टेप करून रात्री बघत. आज जुन्या भागांचे जे तुकडे पाहायला मिळतात, त्यातले कितीतरी अशा घरगुती कॅसेटवरून आलेले आहेत, मधल्या स्थानिक जाहिरातींसकट.

भाग गेले, पण चेहरा दुसऱ्या दिवशी परत यायचा. नट आणि पात्र एकत्रच म्हातारे व्हायचे. 'गायडिंग लाइट'मधल्या बर्ट बाऊरची भूमिका शारिटा बाऊर १९५० पासून रेडिओवर करत होत्या, मग दूरचित्रवाणीवर करत राहिल्या. म्हातारपणी त्यांचा पाय कापावा लागला, तर लेखकांनी तेच दुखणं बर्टच्या कथेत घेतलं आणि प्रेक्षकांनी त्यांना कृत्रिम पायाने पुन्हा उभं राहताना पाहिलं. 'द यंग अँड द रेस्टलेस'मध्ये कॅथरीन चॅन्सलर रंगवणाऱ्या जीन कूपर यांनी १९८४ मध्ये चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्या खऱ्या शस्त्रक्रियेचं चित्रण मालिकेत दाखवलं गेलं. १९७३ पासून २०१३ मध्ये वारेपर्यंत त्या कॅथरीनच होत्या. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मधले डग आणि जूली, म्हणजे बिल हेज आणि सूझन सीफोर्थ हेज, पडद्यावर प्रेमात पडले आणि १९७४ मध्ये प्रत्यक्षात लग्न करून मोकळे झाले. १९७६ च्या जानेवारीत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हे जोडपं होतं.

चित्रपटातला नट दोन तास भेटतो आणि त्या वयातच गोठून राहतो. इथे मात्र प्रेक्षक मुलगी असताना पाहिलेली नायिका, तिची स्वतःची मुलं मोठी होईपर्यंत रोज भेटत राहते. अमेरिकेत कितीतरी आज्या या मालिकांना 'माय स्टोरीज' म्हणत. आजीकडून आईला, आईकडून मुलीला असा हा वारसा चालला. आठवणी काढणाऱ्यांशी बोललं तर मालिकेबरोबर आजीचा सोफा हमखास येतो.

मग नट बदलला की काय होतं? पात्र मालिकेच्या मालकीचं, नट मात्र कराराने बांधलेला. करार संपला, नट दुसरीकडे गेला, आजारी पडला, तरी पात्र मध्येच सोडता येत नाही कारण पाच जणांच्या गोष्टी त्याच्यात अडकलेल्या असतात. मग नवा नट येतो आणि पूर्वी एक निवेदक सरळ सांगायचा, की अमुकची भूमिका आता तमुक करत आहेत. तेवढ्या एका वाक्यावर प्रेक्षकांनी नवा नवरा, नवी मुलगी मान्य करायची. कधी मान्य होई, कधी वर्षानुवर्षं होत नसे. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक प्रकार चालतो. बाळाला गोष्टीत काही काम नसतं, म्हणून ते वरच्या मजल्यावर झोपायला जातं आणि काही महिन्यांनी किशोरवयीन होऊन खाली येतं. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'मधला टॉम ह्यूज १९६१ मध्ये जन्मला आणि १९७० पर्यंत कॉलेजात जाऊनही आला होता. चाहते यावर हसतात, पण कोणत्या साली कोण किती वर्षांनी वाढलं याचा हिशेबही तेच ठेवतात.

हे सगळं फक्त सासू-सून पातळीवरचं होतं असं समजणाऱ्यांसाठी निक्सन यांचं काम सांगायला हवं. त्या इर्ना फिलिप्स यांच्या शिष्या. दुसरे शिष्य विल्यम बेल, ज्यांनी पत्नी ली फिलिप बेल यांच्यासह 'द यंग अँड द रेस्टलेस' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' काढल्या. म्हणजे एक अख्खं घराणं. १९६२ मध्ये 'गायडिंग लाइट' लिहिताना निक्सन यांनी बर्टला गर्भाशयाच्या कर्करोगाची सुरुवात झाल्याचं दाखवलं, कारण बायकांनी वेळेवर तपासणी करावी असं त्यांना वाटत होतं. प्रायोजकाने आणि वाहिनीने कर्करोग, गर्भाशय असे शब्दच उच्चारायला बंदी केली. ते शब्द न वापरता त्यांनी ती कथा पूर्ण केली. १९६८ मध्ये 'वन लाइफ टू लिव्ह'मध्ये त्यांनी कार्ला आणली. गोरी समजली जाणारी ही बाई खरं तर कृष्णवर्णीय असते. एलन हॉली यांनी ती भूमिका केली. १९७३ मध्ये, गर्भपाताला कायद्याने मान्यता मिळाली त्याच वर्षी, 'ऑल माय चिल्ड्रन'मधल्या एरिका केनने गर्भपात करून घेतला. ही एरिका म्हणजे सूझन लूची. अठरा वेळा एमीचं नामांकन मिळूनही त्या रिकाम्या हाताने परतल्या आणि १९९९ मध्ये एकोणिसाव्या वेळी त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा सभागृह कितीतरी वेळ उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दुपारी एकटीने मालिका बघणाऱ्या लाखो बायकांना त्या दिवशी आपल्या घरातलं कोणी जिंकल्यासारखं वाटलं.

सगळ्यांत गाजलेली जोडी मात्र 'जनरल हॉस्पिटल'ची. १९७८ मध्ये मालिका बंद पडायच्या बेतात होती. ग्लोरिया मॉन्टी निर्मात्या म्हणून आल्या, त्यांनी प्रसंग छोटे केले, वेग वाढवला, तरुण पात्रांना पुढे आणलं. अँथनी गीअरी आणि जीनी फ्रान्सिस यांच्या ल्यूक आणि लॉराचं लग्न १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ ला झालं आणि ते सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं. एलिझाबेथ टेलरही त्यात पाहुणी होती. पण या जोडीची गोष्ट १९७९ मध्ये ल्यूकने लॉरावर केलेल्या बलात्काराने सुरू झाली होती आणि पुढे तिला प्रेमकथेचा रंग दिला गेला. माझ्या मते हे या मालिकेचं सर्वांत मोठं अपयश आहे. १९९८ मध्ये त्यांच्या मुलाला, लकीला, ही गोष्ट कळते आणि मालिकेला आपल्याच इतिहासाकडे वळून पाहावं लागतं. वीस वर्षांपूर्वीच्या कथेचा जाब त्याच नटांना, त्याच पात्रांना द्यावा लागणं, हे दुसऱ्या कोणत्या कलाप्रकारात शक्य आहे? तेव्हाच्या भागांबद्दल आजही चाहत्यांत भांडणं होतात, आणि ती व्हायला हवीत.

आपल्याकडे हे जग केबलबरोबर आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' आणि 'सांता बार्बरा' लागायच्या. 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल'मधली रिज आणि ब्रुक ही नावं तेव्हा मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत माहीत होती. रॉन मॉस यांनी १९८७ ते २०१२ केलेला रिज नंतर थॉर्स्टन काये करू लागले, हे ऐकून अजूनही काहींना धक्का बसतो. १९९४ मध्ये दूरदर्शनवर मंदिरा बेदींची 'शांती' आली, पुढच्या वर्षी 'स्वाभिमान', आणि मराठीत प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी'. रोज दुपारी ठरावीक वेळी ठरावीक चेहरा भेटण्याची सवय आपल्यालाही लागली.

अमेरिकेत ती सवय तुटत गेली. १९७० च्या आसपास एकाच वेळी एकोणीस मालिका चालू होत्या. पुढे बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या, केबलच्या वाहिन्या आल्या, आणि १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने कित्येक महिने मालिकांच्या वेळा खाल्ल्या. जे प्रेक्षक त्या काळात गेले त्यातले बरेच परत आले नाहीत. गप्पांचे कार्यक्रम काढायला खर्च कमी, म्हणून वाहिन्या तिकडे वळल्या. 'ऑल माय चिल्ड्रन' सप्टेंबर २०११ मध्ये आणि 'वन लाइफ टू लिव्ह' जानेवारी २०१२ मध्ये बंद झाल्या. २०१३ मध्ये दोन्ही इंटरनेटवर पुन्हा सुरू झाल्या, पण वर्षभरही टिकल्या नाहीत. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' सप्टेंबर २०२२ मध्ये एनबीसी वाहिनी सोडून पीकॉक या ॲपवर गेली. वाहिन्यांवर 'जनरल हॉस्पिटल', 'द यंग अँड द रेस्टलेस' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' अजून चालू आहेत. २४ फेब्रुवारी २०२५ ला सीबीएसने त्यांच्या जोडीला 'बियाँड द गेट्स' आणली. एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाची ही गोष्ट आहे. १९९९ मधल्या 'पॅशन्स'नंतर एखाद्या मोठ्या वाहिनीने दुपारसाठी काढलेली ही पहिलीच नवी मालिका.